वाफेपायी घेतलेली लेन्स: कॅनन ५५-२५० एसटीएम

माझा दिवस कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर जातो, त्यामुळं कॅमेऱ्याला हात लागतो तो पहाटे नाहीतर रविवारी. गळीत हंगाम सुरू झाला की एकच खूळ, साखर कारखान्याची वाफ. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सवर तीन हंगाम काढले. रस्त्यावरनं फोटो घेतला की उसाच्या ट्रॉल्या मोठ्या आणि कारखाना काडेपेटीएवढा. एका गेटवर वॉचमनमामांनी विचारलं, "कुठल्या पेपरचं?" कुठल्याच नाही म्हटल्यावर, "मग कशाला पायजे वाफ?" यावर काय बोलणार? शेवटी ही लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घेतली, वापरलेली, साडेसात हजाराला.

मॉडेल २०१३ चं. वजन ३७५ ग्रॅम, गळ्यात आहे हे विसरायला होतं. माऊंट, म्हणजे कॅमेऱ्याला बसणारी कडी, प्लास्टिकचं आहे. दिवसभर लोखंड कापणाऱ्याला ते बघवत नाही, पण अजून तरी कुरकुरलेलं नाही.

डिसेंबरात कसबा बावड्याच्या बाजूला उसाच्या बांधावर उभा राहिलो. साडेसात वाजलेले, बोटं गारठलेली, सूर्य बरोबर कारखान्याच्या मागं. वाफ अशीच, उजेडाच्या तोंडाला बघावी. सूर्य पाठीशी घेतला तर पांढऱ्या आभाळात पांढरी वाफ हरवून जाते. २५० मिलिमीटरला क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर ४०० एवढा पल्ला मिळतो, म्हणजे छपरावरचा गंजलेला पत्रा आणि त्याच्या फटीतनं उसळणारा लोट, एवढंच चौकटीत. शेजारी चिमणीचा धूर तपकिरी, लांबवर रेंगाळणारा. वाफ मात्र चार हात वर गेली की हवेत विरते. १/५०० सेकंदाला तिचे गुंडाळे सुटे दिसतात, कॅमेरा बांधावर टेकवून अर्धा सेकंद दिला की पिंजलेला कापूस.

ऑटोफोकस वाफेवर लावू नका. वाफेला कडच नाही, लेन्स पुढं-मागं चाचपडत बसते. मी चिमणीच्या शिडीवर फोकस धरतो आणि बटण एमएफवर, म्हणजे हातानं फोकस करायच्या खुणेवर टाकतो. पण फोकसची रिंग मोटरवर चालते. कॅमेरा झोपला की ती कितीही फिरवा, ढिम्म. वाफेनं चौकट भरली की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटरही फसतं, पांढरी वाफ राखेसारखी करडी येते. तिथं एक स्टॉप वाढवायचा, म्हणजे उजेड दुप्पट द्यायचा. आणि नऊनंतर चित्र थरथरायला लागलं तर लेन्सला शिव्या नकोत, तापलेल्या पत्र्यावरची हवा हलत असते.

गुऱ्हाळात मात्र ही लेन्स नेऊ नये. मी नेली. थंडीत मोटारसायकलवरनं आलो आणि थेट काहिलीपाशी गेलो. रस उकळत होता, छपराखाली वाफ कोंदलेली, लेन्सची काच क्षणात आंधळी. पुसली की परत धूसर. गुळव्या मळी काढता काढता हसला. "पावणं, पुसू नगासा. चुलवणाच्या अंगाला जरा बसा, काच आपसूक मोकळी हुईल." झालीही, वीसेक मिनिटांत. तोवर त्यांनी वाटीत गरम काकवी दिली. (आता बॅग बंद ठेवूनच आत नेतो, कॅमेरा बाहेर काढायची घाई करत नाही.) काच मोकळी झाली तरी उपयोग शून्य. ५५ ला त्या शेडमध्ये नुसता गुळव्याचा खांदा मावतो, आणि ८५ सेंटिमीटरच्या अलीकडं फोकसच धरत नाही. फोटो शेवटी किट लेन्सनंच काढला.

शाहू मिलवरही नेऊन पाहिली. १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेली मिल, आता बंद. भिंती झकास येतात, पण वाफेशिवाय माझं मन रमत नाही.

सूर्यासमोर धरायची तर हूड, म्हणजे काचेवर आडवा उजेड पडू न देणारी झडप, हवंच. ईटी-६३, ते कंपनी लेन्सबरोबर देत नाही, वेगळं घ्यावं लागतं. मला अजून मिळालेलं नाही. सध्या उजव्या हातानं बटण आणि डाव्या हातातली टोपी सूर्याच्या आड.