वसंतातल्या जॅकेटसाठी पीयू की रेक्झिन?

नाशिकला फाल्गुनात सकाळी गारवा आणि दुपारी चटका, त्यामुळे आखूड जॅकेट किंवा स्कर्टसाठी कापड घेताना घोळ होतोच. दुकानात पीयू (पॉलियुरेथेन) आणि रेक्झिन या दोन्ही नकली चामड्यांना 'लेदर' म्हणतात. फरक कळायला उलटी बाजू बघा.

पीयू हलकं, मागे बहुधा विणलेलं कापड, त्यामुळे चुण्या आणि गोल गळा नीट बसतो. रेक्झिन (पीव्हीसी) स्वस्त पण ताठ, हवा अजिबात न जाऊ देणारं; बाह्यांना लावलं तर घाम ठरलेला.

शिवताना दोन्हींचे नखरे सारखेच. टाचणीचं भोक कायम राहतं, म्हणून क्लिपा लावा. १४ नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा, टाका ३ ते ३.५ मिमी, बारीक टाक्याने कापड तिकिटासारखं फाटतं. मशीनचा फूट (कापड दाबणारा पाय) चिकटत असेल तर टेफ्लॉनचा लावा. शिवण इस्त्रीने नाही, रोलरने दाबा.

टिकण्यात मात्र उलटं आहे. पावसाळी दमटपणाने पीयूचे पापुद्रे सुटतात, रेक्झिन पाण्याला दाद देत नाही. पण रेक्झिन घडी घातली तर तडकतं. दोन्ही हँगरलाच.

अंगावरच्या कपड्याला पीयूच, तेही सुती अस्तरासह. पट्टा, खिसा, पिशवी यांना रेक्झिन पुरतं.