जुनी डिझेल पिकअप मिस मारते तेव्हा आधी काय करावे: पाइप ढिली करणे, कॉम्प्रेशन टेस्ट की स्कॅनर?

आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना) इंजिनाचा ठेका तुटत असेल, भरलेल्या गाडीची चढावर ओढ कमी पडत असेल आणि सकाळी सुरू केल्यावर बराच वेळ पांढरा धूर येत असेल, तर गाडी मिस मारते आहे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही, हे मालकाला कोणी सांगावे लागत नाही. अडते ते पुढे, कोणत्या तपासणीवर आधी पैसे घालायचे या प्रश्नावर. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या पिकअप डिझेलच्या आहेत. त्यांत ठिणगीचा प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटते, आणि म्हणून एखादा सिलिंडर काम करीत नसेल तर एकतर त्याला नीट फवारा मिळत नाही किंवा त्यात पुरेसे कॉम्प्रेशन होत नाही. या दोहोंतले नेमके काय बिघडले आहे हे ठरण्याआधी चारही नोजल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारे इंजेक्टर) बदलून घेण्याचा किंवा पंप खोलण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मिसिंग एका लयीत होते आहे की मधूनच कसेही, हे सर्वांत आधी कान देऊन ऐकावे. मधूनच होत असेल, तर डिझेल फिल्टरमधले पाणी काढून टाकावे आणि लाइन एअर धरते आहे का, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते आहे का, हे पाहावे. पावसाळ्यात तर या दोन गोष्टी फारशा खर्चाशिवाय पुष्कळ तक्रारी मिटवतात. लय ठरलेली असेल, तर बिघाड बहुधा एकाच सिलिंडरचा असतो आणि खऱ्या तपासणीची गरज लागते.

तपासणी कोणती, हे इंजिनाच्या जातीवर ठरते. टाटा २०७ डीआयचे २९५६ सीसीचे इंजिन किंवा महिंद्राच्या जुन्या पिकअपमधले २५२३ सीसीचे डीआय इंजिन मेकॅनिकल पंपावर चालते. नंतरच्या गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचे डिझेल देणारी पद्धत, आली. बॉनेट उघडून पाहिले की फरक कळतो: प्रत्येक इंजेक्टरवर वायरचा कनेक्टर असेल आणि सगळ्यांच्या पाइपा एका जाड नळीतून निघत असतील, तर ती कॉमन रेल.

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत पाइप ढिली करण्याच्या जुन्या पद्धतीला आजही तोड नाही. इंजिन आयडलिंगला ठेवून मिस्त्री एका नोजलच्या पाइपचा नट पान्याने थोडा सैल करतो, डिझेल बाहेर झिरपू लागते आणि तो सिलिंडर बंद पडतो. त्यासरशी इंजिनाचा आवाज बदलून ते आणखी खाली बसले, तर सिलिंडर कामाचा होता, आणि काहीच फरक पडला नाही, तर दोषी सापडला. त्यानंतर त्या सिलिंडरचे नोजल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावे. मिसिंग नोजलबरोबर सरकले, तर नोजल खराब; जागीच राहिले, तर कॉम्प्रेशन किंवा पंप. यास स्कॅनर लागत नाही आणि निष्कर्षही ठाम मिळतो. मात्र डोळ्यांवर चष्मा हवा आणि बोटे फवाऱ्यापासून लांब हवीत, कारण दाबाखालचे डिझेल कातडीत घुसू शकते.

कॉमन रेलच्या गाडीत हीच पद्धत कोणी वापरू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे. रेलमधला दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि त्या दाबाने उडालेले डिझेल माणसाला कायमचे जायबंदी करू शकते. इथे स्कॅनरच (इंजिनाच्या संगणकाला जोडून वाचायचे यंत्र) योग्य, पण नुसता एरर कोड वाचून नोजल बदला म्हणणारा नव्हे. आयडलिंगला प्रत्येक सिलिंडरला किती जादा किंवा कमी डिझेल दिले जात आहे, हे आकडे लाइव्ह डेटामध्ये दाखवणारा हवा. त्याच्या जोडीला रिटर्नची टेस्ट करून घ्यावी: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेले डिझेल परत नेणाऱ्या नळीला) सारख्या बाटल्या लावल्या, की जी बाटली इतरांपेक्षा खूप लवकर भरते तिचा इंजेक्टर गळतो आहे. या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच इंजेक्टर काढावा. नवा बसवताना त्यावरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) भरावा लागतो का, हेही आधीच विचारून ठेवावे.

कॉम्प्रेशन टेस्टला वेळ आणि मजुरी जास्त लागते, कारण नोजल उतरवावी लागतात. म्हणून फवारा निर्दोष ठरल्यावर, किंवा गाडी खूप चाललेली असून तेल पिते आहे अशा वेळी, ती करावी. पेट्रोल इंजिनाचे गेज इथे चालत नाही. डिझेलचा दाब साधारण २५ ते ३० बार असतो. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्यावा, पण निर्णय मुख्यतः चार सिलिंडरमधल्या तफावतीवर करावा. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर खाली असतील, तर आधी हेड गॅस्केटवर (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधल्या पॅकिंगवर) संशय घ्यावा. एकच असेल, तर हेड उतरवण्यापूर्वी टॅपेटचे (वॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर तपासावे, कारण वॉल्व्ह पूर्ण बसत नसला तरी दाब जातो.

कोणतीही तपासणी निवडली, तरी नोजल परत बसवताना स्वतः उभे राहून एक गोष्ट पाहावी. तांब्याचा वायसर नवा हवा, आणि जुना वायसर भोकाच्या तळाशी चिकटून राहिलेला नसावा. दोन वायसर एकावर एक बसले, तर नोजलचे टोक वर राहते, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि दुरुस्त केलेली गाडी पुन्हा मिस मारू लागते.