५.१ स्पीकर काही महिने वापरून: आवाज झकास, स्मरणशक्ती शून्य

मागचा डावा स्पीकर मुका झाला म्हणून लिहायला बसलेय, नाहीतर हे लिहिणं कधीपासून उद्यावर ढकलत होते. कंपनीचं नाव घेत नाही, भांडण अजून चालू आहे. आणि तसंही या रेंजमधले सगळे सेट एकाच साच्यातले असतात, पाच छोटे स्पीकर (पुढे दोन, मध्ये सेंटर, मागे दोन), जाड आवाजाचा एक वूफर (५.१ मधला .१ तो हाच) ज्याच्या पोटात अँप्लिफायर, मागे गोल पिनेचे सहा आरसीए सॉकेट, म्हणजे प्रत्येक चॅनलला (स्वतंत्र आवाजाला) एक, कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या तीन वायरी आणि एक हलका फुलका रिमोट. खोक्यावर वॉट किती छापलेत ते तुम्हाला माहीतच असेल, त्यावर विश्वास किती ठेवायचा तेही.

आता मुख्य तक्रार, बाकी सगळं नंतर. मेन स्विच बंद केला की हा सेट सगळं विसरतो. मोड विसरतो, बास विसरतो, मागच्या स्पीकरची लेव्हल विसरतो. परत चालू केला की गुपचूप टू-चॅनल मोडमध्ये उठतो. त्यात काय एवढं, एक बटण दाबायचं, असं मला घरातही ऐकवून झालंय. पण ऐका. टू-चॅनल मोडमध्ये हा सेट फक्त पुढच्या दोन चॅनलचा सिग्नल घेतो आणि तोच सगळ्या स्पीकरवर वाटतो. म्हणजे पाचही स्पीकर वाजतात! कुणालाही वाटणार की ५.१ मस्त चालू आहे. गाणी लावली तर काहीच खटकत नाही. पण कॉम्प्युटर ५.१ चा पिक्चर पाठवत असेल तर संवाद जातात सेंटर चॅनलवर, आणि सेंटरचं सॉकेट या मोडमध्ये सेट बघतसुद्धा नाही. मग पार्श्वसंगीत दणदणीत, माणसं नुसती तोंडं हलवतायत. गेममध्ये मागून येणाऱ्याची पावलं गायब. तुम्ही ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा आवाज चालवणारं सॉफ्टवेअर) काढता, घालता, वायरी उपसता, आणि खरा दोषी, तो मोड, वूफरच्या कपाळावर एक बारका दिवा पेटवून बसलेला असतो.

मग मेन स्विच बंदच करू नका, हा सल्ला देणाऱ्यांसाठी. प्लगमध्ये लावायचा मीटर लावून बघितलंय मी. रिमोटने बंद केल्यावरही हा जवळपास १० वॉट खातो. १० वॉट वर्षभर म्हणजे ८७ युनिट, नुसतं झोपून राहण्याचे. युरोपात २०१३ पासून साध्या स्टँडबायला अर्ध्या वॉटची मर्यादा आहे आणि इथे एक सेटिंग लक्षात ठेवायला हे १० वॉट मागतात. ज्या मेमरीत हे सगळं आरामात मावेल ती चिप खोक्यावरच्या सोनेरी शाईपेक्षा स्वस्त असेल. माझं बटण रात्री बंदच होणार.

असो. सेटअपबद्दल बरेच जण विचारतात म्हणून लिहिते. कॉम्प्युटरच्या मागे सहा जॅक असतील तर सोपं आहे, हिरवा पुढच्यांचा, काळा मागच्यांचा, केशरी सेंटर-वूफरचा. जॅकना रंग द्यायची ही पद्धत १९९०च्या दशकाच्या शेवटी मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९९ गाइडमध्ये (कॉम्प्युटर बनवणाऱ्यांसाठीच्या नियमावलीत) ठरली आणि अजून चालू आहे. तीनच जॅक असतील तर मात्र लोक गोंधळतात, कारण तिथे निळा म्हणजे लाइन-इन आणि गुलाबी म्हणजे माइक. ५.१ निवडलं की बहुतेक मदरबोर्डांवर (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डांवर) निळा मागच्यांचा होतो आणि गुलाबी सेंटर-वूफरचा, हा बदल ड्रायव्हर करतो, आणि माइक मग कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावायचा. माझा बोर्ड तीनवाला आहे. एकदा विंडोज अपडेटने रिअलटेकचा (बोर्डावरच्या साउंड चिपच्या कंपनीचा) ड्रायव्हर काढून स्वतःचा साधा ड्रायव्हर बसवला, तर साउंडच्या कॉन्फिगरमधून ५.१ चा पर्यायच उडाला, फक्त स्टिरिओ उरलं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून मूळ ड्रायव्हर घातला तेव्हा परत आलं. तेव्हा अपडेटनंतर मागचे स्पीकर गप्प झाले तर आधी वायरी उपसू नका, आधी तो पर्याय आहे का बघा.

जोडून झालं की विंडोजचा टेस्ट लावा, तो एकेक स्पीकर पाळीने वाजवतो, आणि खुर्चीत बसून ऐका, उभं राहून नाही. माझ्याकडे सेंटरची पाळी आली तर वूफरमधून कोंडल्यासारखा आवाज, आणि वूफरच्या पाळीला सेंटर नुसता कुरकुरला. केशरी वायरीत कोणता चॅनल आधी हे सगळ्या कंपन्यांमध्ये सारखं नसतं. रिअलटेकमध्ये सेंटर आणि वूफरची अदलाबदल करायची टिक बऱ्याचदा असते, नसेल तर सरळ लाल-पांढऱ्या पिना उलट लावा, झालं. मागच्या स्पीकरच्या क्लिपांमध्ये लाल-काळी उलट झाली तरी आवाज येतोच, पण पोकळ येतो आणि नेमका कुठून येतोय ते कळत नाही, तेही एकदा तपासून घ्या.

आणि ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावून मागचे वाजत नाहीत म्हणून सेट परत करायला निघालेल्यांनो, थांबा. तिथला बहुतेक माल दोन चॅनलचाच असतो, मागच्यांना पाठवायला काही नसतंच. रिअलटेकमधलं स्पीकर फिल चालू केलं तर वाजतील, पण ती भरणी आहे, तोच दोन चॅनलचा आवाज सगळीकडे पसरवलेला. खरं तपासायचं तर ५.१ ट्रॅक असलेली फाइल घ्या आणि प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्येही ५.१ निवडलंय ना ते बघा. ऑप्टिकल वायरीचंही तसंच, त्यातून एकतर साधा स्टिरिओ जातो नाहीतर डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींनी दाबलेला ५.१. पिक्चरला ठीक, पण गेमचा आवाज तिथल्या तिथे डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्टने असा दाबून देणारं साउंड कार्ड नसेल तर गेम स्टिरिओतच खेळायचा. म्हणून तीन वायरींचा जुनाट प्रकारच मला कॉम्प्युटरला बरा वाटतो, दिसायला जंजाळ असला तरी.

मागचे स्पीकर अगदी पाठीमागे ठेवू नका. स्टुडिओसाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) शिफारस आहे त्यात पुढचे दोन मधल्या रेषेपासून ३०-३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खरं तर कानाच्या बाजूला, जरासे मागे. टेबलाशी बसणाऱ्याला हे सोयीचंच पडतं, वायरही कमी लागते. मी आधी भिंतीला मागे लावले होते, तिथून खुर्चीशेजारच्या कपाटावर आणले आणि त्या दिवशी पहिल्यांदा पावसाच्या सीनमध्ये मान वळवून बघितलं. त्या एका गोष्टीसाठी या सेटला मी बरंच माफ केलंय. सेंटरमुळे संवादही इतके स्वच्छ येतात की रात्री आवाज कमी ठेवूनही सबटायटल लागत नाहीत. अर्थात मोड लक्षात असेल तर.

घूंऽऽ असा सतत आवाज येणाऱ्यांसाठी: कॉम्प्युटरकडच्या तिन्ही पिना काढा. आवाज थांबला तर बहुतेक ग्राउंड लूप आहे, म्हणजे सेट आणि कॉम्प्युटर दोन वाटांनी अर्थिंगला जोडले गेल्याने येणारी घरघर. सेट आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, माझं तेवढ्यानेच गेलं. नाही गेलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, ३.५ मिमीचा छोटासा, पण तीन वायरींना तीन लागतील. अर्थिंगची पिन काढून टाकायचा उद्योग कुणी सुचवला तर त्याचं ऐकू नका, ती पिन माणसाला शॉक लागू नये म्हणून असते.

आता तो मुका स्पीकर. आधी अर्थातच मोड बघितला, तो बरोबर होता. मग पुढच्या डाव्याची आरसीए पिन काढून मागच्या डाव्याच्या सॉकेटमध्ये घातली. तरी गप्प. म्हणजे कॉम्प्युटर, ड्रायव्हर, वायर सगळे सुटले. मग तो स्पीकरच उचलून पुढच्याच्या क्लिपला लावला, तर छान वाजला. म्हणजे स्पीकरही सुटला, राहिलं कोण? वूफरच्या पोटातला अँप्लिफायर, त्यातला एक चॅनल मेलाय. हे सगळं फोनवर सर्व्हिसवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो, मॅडम, कॉम्प्युटरचं सेटिंग असेल. परत सांगितलं. तर म्हणे मोबाईल लावून बघा. अहो, मोबाईलला दोन चॅनल, त्याने मागच्या सॉकेटचं काय कळणार! शेवटी पिनांची अदलाबदल करतानाचा व्हिडिओ पाठवला तेव्हा गाडी पुढे सरकली, आणि मग नवीन अट, पूर्ण सेट मूळ खोक्यातच हवा. खोका माझ्याकडे होता, थर्माकोलसकट. घरात ज्यांनी ज्यांनी तो टाकून दे म्हणून सांगितलं होतं त्यांना मी त्या दिवशी सोडलं नाही.

अपडेट: वर लिहिलेलं तसंच ठेवतेय, पण सेट परत आलाय. वॉरंटीत आतला बोर्ड बदलला, एक पै घेतली नाही, हे मान्य करायलाच हवं. भांडण मात्र संपलं नाही कारण एका स्पीकरची जाळी दाबून आणलीय. आणि गंमत बघा, नव्या बोर्डाला मोड लक्षात राहतो! मेन स्विच बंद करा, चालू करा, ५.१ जिथल्या तिथे. म्हणजे त्यांना जमत होतं. पण आता आवाजाची पातळी विसरतो. बंद करताना कितीही कमी असो, उठतो तो अर्ध्यावर, आणि या सेटचा अर्धा म्हणजे शेजाऱ्यांनाही पूर्ण. म्हणून आता स्विच लावायच्या आधी विंडोजचा आवाज शून्यावर आणायचा. स्टँडबायचे वॉट तेवढेच आहेत, मीटर परत लावून बघितला.

घ्यावा का? फक्त गाणी आणि ब्राउझर असेल तर नको, त्याच पैशात दोन चांगले स्पीकर घ्या, वायरी तरी वाचतील. पिक्चर आणि गेम असतील आणि मागचे स्पीकर ठेवायला बाजूला जागा असेल तर घ्या, मी अजूनही घेईन. फक्त दुकानात गाण्याचा डेमो ऐकून भुलू नका. ५.१ मोड लावायला सांगा, आवाज अगदी कमी करायला सांगा, मग रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने बंद करून परत चालू करायला सांगा आणि दोन्ही जागेवर आहेत का बघा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.