बोवेडा ६५ ची पाकिटं: मुंबईच्या पावसाळ्यात सिगारच्या डब्यासाठी घ्यावीत का?

सरळ सांगतो, मुंबई-ठाण्याकडे राहत असाल आणि घरी वीस-पंचवीस सिगार ठेवायच्या असतील तर त्या चकचकीत लाकडी ह्युमिडोरच्या (सिगारचा ओलावा राखणाऱ्या पेटीच्या) नादी लागू नका, भांड्यांच्या दुकानातला चारी बाजूंनी लॉक लागणारा, झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला डबा घ्या आणि त्यात बोवेडा कंपनीचं ६५ नंबरचं, म्हणजे डब्यातली आर्द्रता ६५ टक्क्यांवर धरून ठेवणारं, ६० ग्रॅमवालं पाकीट टाका. बास. असं का, ते ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी पुढचं.

नेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिकेतल्या थंडीसाठी असतात, तिथे हीटरने घरातली हवा सुकते म्हणून सगळा जोर ओलावा द्यायवर, स्पंज भिजवा, जेलची बरणी ठेवा वगैरे. आपल्याकडे जुलैत बाहेरच ८५-९० टक्के आर्द्रता, कपाटातल्या बेल्टवर बुरशी चढते, तिथे अजून पाणी कुठे ओतताय? आपल्याला जास्तीचा ओलावा ओढून घेणारी वस्तू हवी, आणि वर एसी दिवसभर चालू असेल तेव्हा ओलावा परत देणारी पण हवी. हे पाकीट दोन्ही करतं. आत पाणी आणि मिठाचं दाट द्रावण, बाहेरचा कागद असा की त्यातून वाफ आरपार जाते पण पाणी गळत नाही. प्रत्येक क्षाराचं संपृक्त द्रावण बंद जागेतली हवा आपापल्या ठरावीक आकड्यावर आणून ठेवतं, आपलं खायचं मीठ ७५ वर, त्याच तत्त्वावर हे.

त्या मिठावरून आठवलं, डब्यातला ओलावा मोजणारा मीटर आधी तपासा. ऑनलाइन मिळणारे छोटे डिजिटल हायग्रोमीटर वाट्टेल ते दाखवतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं (विरघळवायचं नाही हं), मीटरसोबत झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दिसलं पाहिजे. माझा एक मीटर ७० दाखवतो, त्याच्या पाठीवर मार्करने "+५" लिहून टाकलंय आणि तोच वापरतो, फेकायची काही गरज नाही.

आता ६९ किंवा ७२ न घेता ६५ का? सिगार ७० टक्के ओलाव्यात, ७० डिग्रीला ठेवा, असा तो ७०-७० चा फेमस नियम आहे ना, त्यातलं दुसरं ७० फॅरनहाइट आहे, म्हणजे साधारण २१ डिग्री. आपल्या घरात २१ डिग्री कधी असते सांगा. २९-३० डिग्रीला ७२ टक्के ओलावा म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि इतकी ओली सिगार नीट ओढलीही जात नाही, मध्येच विझते, एका बाजूनेच जळत जाते. ६५ वर ठेवलेली सिगार दोन बोटांत हलकेच दाबली की दबते आणि परत जागेवर येते, रॅपर, म्हणजे बाहेरचं पान, करकरत नाही. मला तरी हेच आवडतं. बरेच जण ६२ पण वापरतात, तेही चालेल.

पण एक गोष्ट हे पाकीट करत नाही, ती म्हणजे किड्याचा बंदोबस्त. तंबाखूचा तो बारीक तपकिरी भुंगेरा, जो हळद-मिरचीच्या डब्यातही निघतो, त्याची अंडी पानातच असू शकतात आणि आपल्या उकाड्यात मस्त उबतात. रॅपरवर सुईने टोचल्यासारखं गोल भोक आणि खाली भुसा दिसला की समजायचं. त्यामुळे नवीन सिगार आली की झिप पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझर, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग बाहेर. एकदम बाहेर काढली तर रॅपर तडकतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर मटारच्या पिशवीशेजारी सिगार बघून बोलणी बसतात.

डबा साबणाने धुऊन उघडा वाळवा, प्लास्टिकचा वास पूर्ण गेल्याशिवाय सिगार ठेवू नका. सिगारच्या रिकाम्या खोक्यातल्या स्पॅनिश सीडरच्या पट्ट्या मिळाल्या तर तळाला टाका, ते लाकूड कडुलिंबाच्याच कुळातलं, थोडा ओलावा स्वतः धरून ठेवतं म्हणून आकडा सारखा हलत नाही. फ्लेवरवाल्या सिगार वेगळ्या डब्यात, नाहीतर सगळ्यांनाच व्हॅनिलाचा वास. हवा बदलायला आठवड्यातून एकदा झाकण काढलं की पुरे, आणि पावसाळ्यात ते काम एसीच्या खोलीतच करा.

हिशोब साधारण २५ सिगारच्या जागेला ६० ग्रॅमचं एक पाकीट. घट्ट डब्यात ते कित्येक महिने जातं, फटी असलेल्या लाकडी पेटीत लवकर संपतं, कारण ते बिचारं मग अख्ख्या खोलीशी भांडत बसतं. नवीन पाकीट हाताला सरबरीत लागतं, कोरडं पडलं की आत खडे होऊन कडक होतं. एका ऑनलाइन सेलरने मला आधीच कडक झालेली पाठवली होती, त्यामुळे आली की लगेच दाबून बघा, परत करायची मुदत जायच्या आत. लोक वाळलेली पाकिटं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवून परत जिवंत करतात, कंपनी नको म्हणते, मी करतो आणि चालतात, पण मग आकड्याची खात्री नाही, मीटरवर लक्ष ठेवावं लागतं.

५ पैकी ४. एक कापला कारण दरवेळी नवीन घ्यायचं म्हणजे खर्च चालूच राहतो.