वॉशिंग्टनचं स्पाय म्युझियम, आणि बाबा पोस्टाच्या पेटीपाशी अडकले

बाबा इकडे आले की त्यांना कुठे न्यायचं हा दरवेळचा प्रॉब्लेम, म्हणून ह्यावेळी लाँफाँ प्लाझाच्या इंटरनॅशनल स्पाय म्युझियमची तिकिटं काढली. वाटलं तासाभरात कंटाळतील, झालं उलटंच. लिपस्टिकमधलं पिस्तूल, टाचेत ट्रान्समीटर बसवलेला बूट हे सगळं लेकीने पळत पळत बघितलं आणि बाबा मात्र एका साध्या निळ्या पोस्टाच्या पेटीसमोरून हलेनात.

पेटी खरीखुरी आहे, जॉर्जटाउनात ३७ वी स्ट्रीट आणि आर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर होती. ऑल्ड्रिच एम्स तिच्यावर खडूने रेघ मारायचा, रेघ दिसली की रशियनांना कळायचं ह्याला भेटायचंय. आणि हा एम्स कोण, तर सीआयएत सोव्हिएत काउंटर-इंटेलिजन्सचा ब्रँच चीफ! कुंपणानेच शेत खाल्लं, सीआयएला आतून माहिती पुरवणाऱ्यांची नावं त्याने रशियनांना विकली आणि त्यातले दहाएक जण जिवानिशी गेले.

लेकीने विचारलं, आजोबा काउंटर-इंटेलिजन्स म्हंजे काय? बाबा बँकेत जन्म काढलेले. म्हणाले, "हेर म्हंजे बाहेर फिरून धंदा आणणारे, आणि हे म्हंजे इन्स्पेक्शनवाले. आपल्याच ब्रँचमध्ये येऊन आपलीच व्हाउचरं उपसणार, म्हणून कुणालाच नको असतात." अजून बरंच असतं त्यात, समोरच्याचा माणूस फोडायचा, त्याच्याच हातून खोटी माहिती पाठवायची वगैरे, पण मला ही व्याख्या पटली.

मग बाबांचा प्रश्न, "पगार किती होता ह्याचा?" बरोब्बर तिथेच तर गोम होती. सरकारी नोकरीत ५,४०,००० डॉलरचं घर रोखीने, वर जॅग्वार गाडी. दोनदा पॉलिग्राफ, म्हंजे खोटं पकडायची टेस्ट, पास झाला पण पासबुकाने मारला, म्हंजे १७ मे १९८५ ला सोव्हिएत वकिलातीतल्या माणसाबरोबर लंच आणि १८ ला खात्यात ९,००० डॉलर, अशा तारखा सीआयएच्या सँडी ग्राइम्सबाईंनी जुळवत नेल्या आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये एफबीआयने त्याला उचलला. हे मी घरी येऊन वाचून दाखवलं तेव्हा बाबा चहा ठेवून "टॅली झालं!" म्हणाले. (आपल्या रॉचा रबिंदर सिंग संशय आल्यावरही २००४ मध्ये नेपाळमार्गे अमेरिकेला सटकलाच, त्यावर बाबा अजून चिडतात.)

मेट्रो स्टेशन जवळ आहे, तीन तास हाताशी ठेवा, बरोबर रिटायर्ड बँकवाले असतील तर चार.