शेततळं की विहीर पुनर्भरण: पैसे आधी कशात घालावेत?

डाळिंबाची किंवा द्राक्षाची बाग मे महिन्यात जगवायची असेल, तर प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याला तोड नाही. वर 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल तळं, काठ आत उतरते असल्यानं, सुमारे 22 लाख लिटर पाणी धरतं. पाणी झिरपत नाही आणि ते कधी वापरायचं हे तुम्हीच ठरवता. पुनर्भरणात, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी विहिरीत सोडून जमिनीत मुरवण्यात, ही खात्री नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत, तिथे जागाच थोडी. तुम्ही मुरवलेलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीलाही लागतं.

पण तळं भरणार कशानं? ‘मागेल त्याला शेततळे’ ही 2016 ची योजना पावसाचं वाहतं पाणी अडवण्यासाठी होती. कित्येक तळी मात्र विहिरी-बोअरच्या पाण्यानं भरली जातात. भूजल उपशात भारत जगात पहिला आहे, आणि आपण तेच पाणी वर काढून उन्हात ठेवतो! उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज सुमारे 7,200 लिटर पाणी उडून जातं. दोन महिन्यांत चार लाख लिटर. तेवढ्यात शेजारची विहीर तळ गाठते, हे बघवत नाही.

पुनर्भरणाचा खर्च त्या मानानं किरकोळ. शेतातलं पाणी आधी गाळ बसायच्या खड्ड्यात घ्यायचं, मग गोटे, खडी, वाळू यांच्या थरांतून पाइपनं विहिरीत सोडायचं. गढूळ पाणी थेट सोडू नका, झरे बुजतात. ज्या विहिरीचं पाणी पिता, तिच्यात खतं-फवारणीच्या रानातलं पाणी नकोच. मृगाआधी वाळू दरवर्षी धुवावी लागते.

म्हणून, वरच्या अंगानं ओघळ येत असेल आणि बाग असेल, तर शेततळं जरूर घ्या. तळं बोअरवरच भरायचं असेल, तर त्यासाठी कर्ज काढू नका. आधी पुनर्भरण आणि ठिबक करा. सोयाबीन-तुरीला पावसाच्या खंडात एखादं पाणी द्यायचं असेल, तर चिकण जमिनीत बिनप्लास्टिकचं तळंही चालतं.

पुनर्भरण एकट्यानं केलं तर फळ अर्धंच. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं, आणि तिथे दरवर्षी पडलेला पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. तुमच्या गावात असा ताळेबंद होत नसेल, तर रब्बीच्या पेरणीआधीच्या ग्रामसभेत तो मागा.