नेट बंद ठेवून विकिपीडियावर लिहिताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठी विकिपीडियावर मी कोल्हापूर जिल्ह्यातली गावं, देवळं, धरणं यांच्याबद्दल लिहितो. गेले काही महिने यातलं बहुतेक लिखाण नेट बंद ठेवून चाललंय. सुरुवात नाइलाजाने झाली. दाजीपूरच्या बाजूला वर गेलं की रेंज जाते आणि ऐन पावसात गगनबावड्याकडे वीजही जाते. आता शहरात घरी नेट चालू असतानासुद्धा मी मुद्दाम असाच लिहितो, कारण लेख जास्त भरीव होतात.

नेट चालू असलं की हात आपोआप इंग्रजी लेखाकडे जातो आणि त्याचंच मराठी होऊन बसतं. नेट नसलं की समोर उरतं ते पुस्तक आणि आपली वही. करवीर नगर वाचन मंदिर ही १८५० सालची संस्था. तिथे बसून लिहिलेल्या परिच्छेदाला पान क्रमांकासकट संदर्भ आपसूक येतो. खिद्रापूरला कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात उभं राहून, वरच्या गोल उघड्या छताखाली खांबांची रचना टिपून घेतली, तर ते वर्णन कुठल्याही पानावरून उचललेलं वाटत नाही.

वाचनासाठी मी किविक्स हे नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं ॲप वापरतो. अख्खा मराठी विकिपीडिया एका झिम फाइलमध्ये उतरवून घ्यायचा आणि मग नेटशिवाय वाचायचा. चित्रांसह आणि चित्रांशिवाय अशा दोन्ही फाइली मिळतात. मी चित्रांशिवायची घेतो, जागा बरीच वाचते. कुठल्या विषयावर लेख आधीच आहे, कशाचा दुवा लाल दिसेल (म्हणजे त्यावर लेखच नाही), शेजारच्या गावाचं नाव लेखात कसं लिहिलंय, हे सगळं तिथल्या तिथे कळतं. मात्र किविक्स फक्त वाचायला आहे. त्यात तयार पान दिसतं, विकिमजकूर (म्हणजे खुणांसकटचा मूळ स्रोत) नाही. लेखाचा इतिहास नाही आणि चर्चापानही नाही. एखादा साचा, म्हणजे अनेक लेखांत वापरायचा तयार ठोकळा, आतून कसा लिहिलाय ते त्यात शोधू नका. ज्या लेखावर काम करायचंय त्याचा स्रोत नेट असतानाच संपादन खिडकीतून उचलून ठेवावा लागतो. ‘विशेष:निर्यात’ वापरूनही लेख बाहेर काढता येतो, पण ती एक्सएमएल फाइल परत आत घालायचा अधिकार साध्या सदस्याला नसतो. म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

लिहायला साधा टेक्स्ट एडिटरच हवा. वर्डमध्ये लिहिलं की सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. विकीला ठळक अक्षरांसाठी सरळ चिन्हंच लागतात. मग ठळक अक्षरं ठळक राहत नाहीत आणि संदर्भाच्या रेफ टॅगमधली नावं तुटतात. फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा. आणखी एक अडचण नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. विकिपीडियाच्या खिडकीत रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवायची सोय त्या पानापुरतीच असते. नेट गेलं की तीही गेली. मी त्यासाठी इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी कळांची मांडणी, शिकलो. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत ते आधीपासून असतं आणि हात बसला की वेगही चांगला येतो.

सर्वांत जास्त काळजी लागते ती परत येऊन मजकूर चढवताना. बरेच जण समजतात की दरम्यान कुणी बदल केला असेल तर विकी सांगेलच. ते अर्धंच खरं आहे. तुम्ही संपादन खिडकी कुठल्या आवृत्तीवर उघडली होती, तेवढंच विकी बघतं. जुनी खिडकी उघडी ठेवून तीच जतन केली आणि मधे कुणी त्याच ओळी बदलल्या असतील, तर संपादन संघर्षाची सूचना येते. पण नव्याने खिडकी उघडून, आतलं सगळं पुसून आपल्या फाइलमधला लेख डकवला, तर विकीच्या लेखी तुम्ही ताजी आवृत्ती बघूनच हा बदल केलाय. सूचना येत नाही. मधल्या काळात दुसऱ्याने घातलेली भर निमूट नाहीशी होते.

पन्हाळ्याचंच घ्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळा आहे. त्याआधी उतरवलेल्या प्रतीवर कुणी तीन दरवाजाचा परिच्छेद लिहीत बसलं आणि ऑगस्टमध्ये अख्खा लेख डकवला, तर किल्ला त्या पानावरून पुन्हा वारसा यादीबाहेर! दुसऱ्याच्या कष्टावर असं पाणी पडू नये, याबाबत मी फार कडक आहे.

म्हणून माझी पद्धत अशी. स्रोत उचलताना त्या आवृत्तीचा दुवा फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवतो. परत आल्यावर इतिहासात जाऊन ती आवृत्ती आणि आजची आवृत्ती यांतला फरक आधी बघतो. मग फक्त माझा विभाग उघडून तेवढाच बदलतो, झलक बघतो, साचे नीट बंद झालेत का ते तपासतो आणि बदलाच्या सारांशात काय केलं ते लिहितो. लेखावर ‘काम चालू’ अशी पाटी लावून आठवडाभर गायब होणं मला पटत नाही. लेख सगळ्यांचा आहे, तो अडवून ठेवायचा नसतो. अगदी नवा लेख असेल तर ही कटकटच नाही. तो आधी माझ्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या कामाच्या पानावर, चढवतो, लाल दुवे बघतो आणि मग लेखाच्या खऱ्या जागी नेतो.

संदर्भ आपोआप भरून देणारी सोय नेटशिवाय चालत नाही. लेखक, प्रकाशक, साल, पान हे हातानेच लिहावं लागतं. वेळ जातो, पण प्रकाशनाचं साल एकदा पुस्तकाच्या पानावरून डोळ्यांनी बघून लिहिलं की त्यावर भरवसा ठेवता येतो.

फोटोंसाठी रेंज नसण्याची मला कधीच अडचण झाली नाही. मोबाइलचं जीपीएस नेटशिवाय चालतं. कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवायची सोय चालू ठेवली तर अक्षांश-रेखांश फोटोतच बसतात आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावर, चढवताना ते वाचले जातात. वर्णन मात्र फोटो काढला त्याच दिवशी लिहावं. राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांचे सातही फोटो महिन्याभराने एकसारखेच दिसतात, आणि कुठला दरवाजा कितवा हे तेव्हा सांगणार कोण?